जानेवारीत फ्रँकलिन फॉल्स: बर्फ किती पडलाय त्याआधी शून्याची रेषा कुठे आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉशिंग्टन राज्यात, सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूला राहणारं कुटुंब: नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून काही महिन्यांसाठी आलेले आईबाबा, दोघंही साठी ओलांडलेले. जानेवारीतल्या एका शनिवारी सगळ्यांनी मिळून बर्फातल्या जंगलातून कॅस्केड पर्वतातल्या फ्रँकलिन फॉल्स या धबधब्यापर्यंत चालत जायचं मनात आहे. उन्हाळ्यात एकदा हा ट्रेल केलाय, तेव्हा अगदीच सोपा वाटला. विचारलंय ते असं: हिवाळ्यात जमेल का, स्नोशू (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) लागतील का, ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी पुरेल का, आणि धबधबा पूर्ण गोठलेला कधी बघायला मिळेल. जाता जाता एक ओळ जोडली आहे: ‘आम्ही सह्याद्रीत भर पावसात भरपूर ट्रेक केलेत, त्यामुळे सवय आहे.’

सुरुवात या शेवटच्या ओळीपासूनच करते, कारण बाकीची उत्तरं तिला धरूनच येतात. पावसाळी ट्रेकची सवय इथे नक्की कामाला येते. ओल्या कातळावर पाय कसा टाकायचा हे पायांना माहीत असतं, आणि चढ आला की कुरकुर न करता चालत राहायचा दम असतो. पण त्याच सवयीचा एक भाग इथे घात करतो. आपल्याला भिजायची भीती वाटत नाही. अंधारबनात पहिल्या अर्ध्या तासात चिंब झालो की उलट मोकळं वाटतं, रेनकोट काढून सॅकमध्ये कोंबतो आणि दिवसभर ओल्या टी-शर्टवर फिरतो. तिकडे ते चालतं, कारण पावसातही हवा वीस-बावीस अंशांची असते. इथे अंगावर येणारं पाणी शून्य-एक अंशाचं असतं आणि सोबतीला वारा असतो. कॅस्केड पर्वतात लोक गारठतात ते थंडीने कमी आणि ओलाव्याने जास्त.

याचं कारण भूगोलात आहे. हा धबधबा ज्या घाटाखाली आहे त्या स्नोक्वाल्मी घाटाची उंची जेमतेम ३,०२२ फूट आहे, आणि तरीही तिथे हिवाळ्याला सरासरी ४०० इंचांहून जास्त हिमवर्षाव होतो. पॅसिफिकवरून येणारी दमट हवा डोंगराला धडकून वर चढते आणि आपलं ओझं इथेच टाकून पुढे जाते. समुद्राची हवा असल्यामुळे तापमान फार खाली जात नाही, बराचसा हिवाळा शून्याच्या आगेमागे घुटमळत राहतो. त्यामुळे इथला बर्फ जड आणि ओलसर असतो. स्कीवाले त्याला ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात, आणि एकदा त्यात मांडीपर्यंत पाय गेला की नाव पटतं. उणे पंधरातला कोरडा बर्फ कपड्यांवरून झटकून टाकता येतो. इथला बर्फ कपड्याला चिकटतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि आत मुरतो.

म्हणून हवामानाचा अंदाज बघताना ‘किती इंच पडणार’ हा आकडा मी शेवटी बघते. आधी बघते ती फ्रीझिंग लेव्हल, म्हणजे शून्याची रेषा: किती फुटांच्या वर हवा शून्याखाली आहे ती उंची. नॅशनल वेदर सर्व्हिस आणि नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलँच सेंटर (हिमस्खलनाचा अंदाज देणारी संस्था) या दोघांच्या अंदाजात ती दिलेली असते. अंदाजात ‘स्नो लेव्हल’ असा दुसरा शब्दही दिसेल. पडणारा बर्फ वितळायला थोडा वेळ घेतो, त्यामुळे स्नो लेव्हल साधारणपणे फ्रीझिंग लेव्हलच्या हजारेक फूट खाली धरतात. आता आपला ट्रेल बघा. धबधबा २,६०० फुटांच्या आसपास आहे आणि हिवाळ्यात गाडी त्याहून कितीतरी खाली लावावी लागते. फ्रीझिंग लेव्हल ३,००० फुटांवर असेल तर गाडीपाशी ओला बर्फ, धबधब्यापाशी बरा बर्फ. ४,५०० वर गेली की गाडीपासून धबधब्यापर्यंत सगळीकडे पाऊस, तोही गुडघाभर बर्फावर पडणारा. फोनवर त्या दिवशी ‘३५ फॅरनहाइट (दोनेक अंश सेल्सिअस), हलका पाऊस’ एवढंच दिसतं आणि वाचायला ते किती निरुपद्रवी वाटतं!

एका दिवसाचा अंदाज पुरत नाही, आधीचे दोन-तीन दिवस काय झालं तेही बघावं लागतं. सलग तीन दिवस रेषा दोन हजार फुटांखाली राहिली, थोडा नवा बर्फ पडला आणि शनिवारी आभाळ मोकळं आहे, असं जुळून आलं तर दुसरा विचार न करता निघा, याहून चांगला दिवस मिळणार नाही. मधे एखाद्या दिवशी पाऊस पडून मग कडक थंडी आली असेल तर सगळी वाट काचेसारखी झालेली असते; अशा दिवशी तुम्ही दोघं बुटांना स्पाइक्स (बर्फात रुतणारे छोटे धातूचे दात) लावून जाऊ शकता, मुलगी आणि आईबाबा नाही. आणि भरपूर बर्फ पडल्यावर रेषा काही तासांत हजारावरून पाच हजारावर चढणार असेल, ज्याला इथे ‘पाइनअ‍ॅपल एक्स्प्रेस’ म्हणतात ती हवाईकडून येणारी उबदार, पाण्याने भरलेली हवा घुसणार असेल, तर घरी भजी तळा.

हे शेवटचं मी गमतीत म्हणत नाहीये. स्नोक्वाल्मीच्या उत्तरेला स्टीव्हन्स घाट आहे. १९१० च्या फेब्रुवारीअखेरीस तिथल्या वेलिंग्टन स्टेशनात ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या दोन गाड्या बर्फामुळे दिवसेंदिवस अडकून पडल्या होत्या. बर्फ पडत होता तोवर उतार टिकला होता. मग हवा उबदार झाली, विजांसह पाऊस सुरू झाला, आणि १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर वरचा सगळा उतार सुटून दोन्ही गाड्या दरीत गेल्या. ९६ माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासातली हिमस्खलनाची सगळ्यात मोठी दुर्घटना आजही तीच आहे. त्या जुन्या रेल्वेमार्गावर आता आयर्न गोट नावाचा ट्रेल आहे, उन्हाळ्यात आईबाबांना जरूर न्या. सांगायचा मुद्दा इतकाच की या डोंगरात बर्फ पडत असतानाच्या थंडीपेक्षा त्यानंतर येणारी ऊब जास्त धोक्याची असते. अ‍ॅव्हलँच सेंटर रोज १ ते ५ असा धोक्याचा आकडा देतं. स्नोक्वाल्मी भागाचा आकडा ३ किंवा त्याहून वर असेल तर माझ्याबरोबरचा नवखा गट मी या खोऱ्यात नेत नाही. ३ मधलाच वाटतो, पण लोक फसतात ते बहुतेक वेळा ३ लाच. ४-५ ला बाहेर पडायची हिंमत मुळात कमी जण करतात.

घाटाची आणखी एक खोड सांगून ठेवते. पूर्व वॉशिंग्टनमधली थंड जड हवा कधीकधी घाटाच्या खिंडीतून पश्चिमेकडे वाहत असते. वरच्या थरात समुद्राकडून उबदार ढग येतात, पाऊस पडतो, आणि तळाच्या थंड हवेतून खाली येऊन जमिनीला टेकताच गोठतो. फ्रीझिंग रेन. त्या दिवशी ट्रेलचं सोडा, हायवेवर उभं राहणंही कठीण होतं. अंदाजात हा शब्द दिसला की बेत रद्द.

आता ट्रेलबद्दल. उन्हाळ्यात तुम्ही जो केलात तो जाऊन-येऊन दोन मैल आणि ४०० फूट चढ. हिवाळ्यात तो ट्रेल तेवढा राहत नाही. आय-९० हायवेच्या ४७ नंबरच्या एक्झिटवरून आत गेल्यावर डेनी क्रीक रस्ता लागतो, तो हिवाळ्यात साफ करत नाहीत. म्हणजे खालीच गाडी लावायची आणि त्या बर्फाळ रस्त्यावरूनच दोन-अडीच मैल चालत ट्रेलच्या तोंडाशी पोचायचं. बर्फ किती खालपर्यंत आलाय त्यावर हे अंतर थोडं कमीजास्त होतं. एकूण सहा-सात मैल धरा. बर्फात वेग निम्मा होतो, लहान मूल बरोबर असेल तर त्याहून कमी. जानेवारीच्या मध्यावर सूर्य पावणेपाचला मावळतो, पण खोल खोऱ्यात तीन-साडेतीनलाच करडं व्हायला लागतं. नऊच्या आत चालायला लागा आणि साडेबाराला, जिथे असाल तिथून, मागे वळा. वेळ आधी ठरवून सगळ्यांना सांगून ठेवली नाही तर ‘आता आलंच की’ म्हणत तास जातो. प्रत्येकाकडे हेडलॅम्प हवा. फोनचा टॉर्च धरू नका, कारण तो हात काठीसाठी लागतो.

रस्त्याचा भाग मला स्वतःला आवडतो. रुंद, हळूहळू चढत जाणारा, दोन्ही बाजूंना हेमलॉक आणि डग्लस फर, मधूनच जाड बुंध्याचा रेड सीडर. हेमलॉक ओळखायचा असेल तर शेंडा बघा, तो सरळ उभा नसतो, एका बाजूला झुकलेला असतो. फांद्यांवरून फिकट हिरवट दगडफुलासारख्या दाढ्या लोंबतात, आणि पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर तो एवढाच रंग उरतो. मुलीसाठी प्लास्टिकची घसरगाडी घेतलीत तर परतीच्या उतारावर तिची ट्रिप वसूल. एक गोष्ट मात्र आधीच सांगते म्हणजे हिरमोड होणार नाही: इथे निःशब्द जंगल मिळत नाही. हायवेच्या दोन बाजू या खोऱ्याच्या दोन अंगांनी जातात, ट्रकचा आवाज येत राहतो, आणि पश्चिमेकडे जाणारा पूल तर धबधब्याच्या डोक्यावरच दिसतो. काहींना ते खटकतं. १८६० च्या दशकात याच खोऱ्यातून सिएटलला जोडणारी वॅगन वाट काढली होती आणि त्याच्याही आधीपासून मूळ रहिवासी हा घाट वापरत होते, तेव्हा ही जागा वाहतुकीचीच. फोटोत पूल येऊ नये म्हणून लोक काय काय कसरती करतात ते बघण्यासारखं असतं. पण पुलाखाली घुटमळू नका. वर बर्फ ढकलणारे ट्रक चालू असले की कठड्यावरून बर्फाचे गठ्ठे खाली येतात.

रस्त्यावर स्कीचे दोन समांतर चर दिसले तर त्यांच्यावरून चालायचं नाही, शेजारून चालायचं. कुणीतरी मेहनतीने पाडलेले असतात.

ट्रेलच्या तोंडापाशी वाट फुटते तिथे नकाशा उघडा. याच परिसरातून डेनी क्रीकवरून मेलाक्वा तळ्याकडे जाणारी दुसरी वाट निघते, उन्हाळ्यात लोक तिथल्या खडकांवरून पाण्यात घसरायला जातात. हिवाळ्यात ती वर जाऊन हिमस्खलनाच्या उतारांना आडवी जाते. बर्फात पाट्या गाडलेल्या असतात आणि आपण पुढच्याच्या पाऊलखुणांमागे जातो. पुढचा अनुभवी स्कीवाला असेल आणि त्याचा बेत भलताच असेल तर? नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही.

जंगलात शिरल्यावर दोन गोष्टी मुलीला आधीच समजावून सांगा. पहिली, झाडांच्या बुंध्यापाशी जायचं नाही. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या छत्रीसारखं काम करतात, त्यामुळे बुंध्याभोवती बर्फ कमी पडतो आणि तिथे भुसभुशीत बर्फाने अर्धवट झाकलेला खड्डा तयार होतो. इथे त्याला ट्री वेल म्हणतात. वरून काही कळत नाही. माणूस त्यात बहुतेक वेळा डोकं खाली असा पडतो, वरून फांदीवरचा बर्फ येतो आणि हालचाल केली की आणखी रुततो. शेजारी कुणी नसेल तर मिनिटांचा खेळ. म्हणून लपाछपी खेळायची नाही आणि लघवीला जाताना एकटं झाडामागे जायचं नाही. (हिवाळ्यात तिथली स्वच्छतागृहं मिळतीलच असं धरू नका. आईंना हे आधी सांगा, वाटेत नको.) दुसरी गोष्ट, दुपारी हवा जरा उबदार झाली की फांद्यांवरचे ओल्या बर्फाचे गोळे सुटून धपकन खाली येतात. आधी एखादी फांदी उसळी मारते, बारीक भुसा उडतो, मग आवाज येतो. हे चारदोनदा आजूबाजूला व्हायला लागलं की जेवायला झाडाखाली बसू नका. माझ्या लेखी ती परत फिरायची घंटा असते, कारण तीच ऊब पुढे धबधब्यापाशी बर्फाचे सुळे सैल करत असते.

आणि आता तो शेवटचा टप्पा, ज्याच्यासाठी मी हे एवढं लांबण लावलंय. उन्हाळ्यात आठवत असेल, धबधब्याच्या अगदी आधी वाट कड्यात कोरलेल्या अरुंद पट्टीवरून खाली उतरते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नदीकडे सरळ उतार. उन्हाळ्यात ते दगडी पायऱ्यांचं काम आहे, मुलं उड्या मारत जातात. हिवाळ्यात त्या पायऱ्या बर्फाखाली जातात आणि पट्टी सपाट राहत नाही, नदीकडे कलंडलेली घसरण होते. वर धबधब्याचे तुषार सतत येत असतात. ते कातळावर पडून गोठतात, पातळ थर चढतो, त्यावर पुन्हा थर. रंग दिसत नाही, कारण तो पारदर्शक असतो. खालचा काळा ओला खडकच दिसतो आणि म्हणून पाय बिनधास्त पडतो. माझी रीत अशी: त्या पट्टीच्या आधी थांबायचं, काठीचं टोक खडकावर जोरात टोचायचं. टोक रुतलं तर बर्फ आहे, पुढे बघू. ‘टक्’ असा आवाज येऊन टोक घसरलं तर माझा गट तिथेच थांबतो, चहा काढतो आणि जेवढा धबधबा झाडांतून दिसतो तेवढा बघून परत येतो. कुणीही रुसत नाही, कारण हे गाडीतच सांगितलेलं असतं.

समजा पट्टी चांगली निघाली आणि तुम्ही दोघं खाली गेलात. एकूण तीन टप्प्यांत १३५ फूट पडणाऱ्या या धबधब्याचा ७० फुटांचा खालचा टप्पा समोर असतो. कडेला बर्फाचे पडदे आणि खांब, मधोमध पाणी. दृश्य खरोखर सुंदर असतं आणि लोक त्या पडद्याखाली जाऊन फोटो काढतात. तुम्ही जाऊ नका. ते सुळे टनावारी वजनाचे असतात आणि सुटताना पूर्वसूचना देत नाहीत. बर्फाच्या छपराखाली उभं राहण्याची किंमत या राज्याने मोजलेली आहे. याच पर्वतरांगेतल्या बिग फोर आइस केव्हजचं छत २०१५ मध्ये भर जुलैत कोसळून माणूस दगावला होता. धबधब्याच्या पायथ्याचा डोहही झाकलेला असतो. वर कवच, खाली वाहतं पाणी, आणि कवच कुठे किती जाड आहे हे वरून कुणालाच सांगता येत नाही. नदीच्या कडेला जमीन कुठे संपते तेही बर्फात कळत नाही, बर्फ पाण्यावर पुढे आलेला असतो. कड्याच्या बाजूला राहायचं, तेही सुळ्यांच्या मारापासून लांब. म्हणजे उभं राहायला चांगली जागा फार थोडी उरते, पाच-दहा मिनिटं बघायचं आणि निघायचं.

तेव्हा जमेल का याचं माझं उत्तर: तुम्हा दोघांना, चांगल्या दिवशी, हो. मुलीला कड्याच्या पट्टीपर्यंत हो, त्यापुढे नाही. आईबाबांसाठी हा ट्रेल नाही, आणि हे मी त्यांच्या दमावरून म्हणत नाहीये. सिंहगड रोज चढणारे सत्तरीचे लोक मला माहीत आहेत. प्रश्न पडण्याचा आहे. बर्फात सहा मैल चालताना माणूस दोन-चारदा पडतोच, आणि साठीनंतर मनगट किंवा खुबा मोडला तर तीन मैल आतून बाहेर कसं आणणार? ९११ ला फोन लागलाच तरी या काउंटीतली बचावपथकं मुख्यतः स्वयंसेवकांची आहेत, ते येईपर्यंत काही तास जातात आणि ते तास ओल्या बर्फावर झोपून काढायचे असतात. आईबाबांना रस्त्याच्या पहिल्या मैलापर्यंत आणा, एक जण त्यांच्याबरोबर परत फिरेल. किंवा सरळ वेगळा दिवस काढून ५४ च्या एक्झिटला गोल्ड क्रीक पाँडला न्या. सपाट वाट, चहूकडे डोंगर, जंगलही आहे. तिथे स्नो-पार्कचा, म्हणजे हिवाळ्यात बर्फ काढून ठेवलेल्या वाहनतळाचा, परवाना लागतो. आणि धबधबाच हवा असेल तर स्नोक्वाल्मी फॉल्स, २६८ फूट, नायगारापेक्षा उंच, गाडीतून उतरून कठड्यापर्यंत जेमतेम चालायचं आणि शेजारी गरम कॉफी. त्यांना तो जास्त आवडेल अशी पैज लावते.

स्नोशू की मायक्रोस्पाइक्स (तेच वर सांगितलेले स्पाइक्स)? दोन्ही. शनिवारी रस्ता इतक्या पायांनी तुडवलेला असतो की स्पाइक्स पुरतात. रात्रीत फूटभर नवा बर्फ पडला असेल तर स्नोशूशिवाय गुडघ्यापर्यंत रुतत जाल आणि मैलभरातच जीव जाईल. पण शेवटच्या पट्टीवर स्नोशू घालून जाऊ नका, आडव्या उतारावर ते कलंडतात. तिथे काढून स्पाइक्स लावा. स्नोशू विकत घेण्याची गरज नाही, आरईआय या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात भाड्याने मिळतात, मात्र चांगला वीकेंड असेल तर आधी आरक्षण करा. मुलीचे तिच्या वजनाप्रमाणे वेगळे घ्या. काठ्यांना खाली मोठी चकती असलेल्या घ्या, नाहीतर काठी मुठीपर्यंत आत जाते.

कपड्यांत एकच नियम: सुती काही नको. जीन्स नको, सुती मोजे नकोत, आतला गंजीफ्रॉकही सुती नको. कापूस पाणी धरून ठेवतो. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. बूट वॉटरप्रूफ आणि घोट्याच्या वर, त्यावर गेटर, म्हणजे बुटात बर्फ जाऊ न देणारं पोटरीवरचं आवरण. हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला भिजणारच. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नका, रक्त फिरलं नाही की पाय आणखी गार पडतात. आणि बाबांची माकडटोपी! पोरं हसतील, हसू देत. मान, कान, हनुवटी एकाच वस्तूत झाकणारं याहून सोयीचं काही मला तरी इथल्या दुकानात दिसलेलं नाही.

ओलावा फक्त आभाळातून येत नाही, घामातूनही येतो. आपले लोक सगळे थर चढवून गाडीतून उतरतात आणि पंधरा मिनिटांत आतून ओले होतात. चालायला लागताना थोडं कुडकुडायला हवं. थांबलात की लगेच जाड जॅकेट, निघालात की काढा. कंटाळवाणं आहे, पण करा. मुलीवर लक्ष ठेवायची सोपी खूण: दर तासाला तिला हातमोजे काढून जॅकेटची चेन स्वतः उघडून परत लावायला सांगा. बोटांना जमेना, किंवा एरवी बडबडणारी पोरगी गप्प झाली, चिडचिडी झाली, पाय ओढत चालायला लागली, तर कोरडे कपडे, गरम गोड काहीतरी, आणि परत. ‘थंडी वाजतेय’ असं मुलं फार उशिरा सांगतात. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि तिच्यासाठी गरम दूध घ्या. जानेवारी म्हणजे संक्रांत, घरात तिळगूळ असणारच. खिशात ठेवून चालता चालता खायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

गाडीचं पटकन सांगते. ऑल-व्हील ड्राइव्हने गाडी चढते, थांबत नाही. थांबवतात ते टायर. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह, म्हणजे बर्फात चालणाऱ्या टायरची खूण, आहे का बघा. घाटात ‘चेन्स रिक्वायर्ड’ (टायरला साखळ्या सक्तीच्या) लागलं तर ऑल-व्हील ड्राइव्हला चेन लावण्यातून सूट आहे, पण त्या गाडीत असायलाच हव्यात. निघण्याआधी घाटाचे कॅमेरे बघा, टाकी भरून घ्या, मागे दोन घोंगड्या टाका. अपघाताने घाट तासन्‌तास बंद होतो. ४७ च्या एक्झिटला गाडी रस्त्यावर अर्धी ठेवू नका, उचलून नेतात. परवान्यांचा घोळ नेहमीचा: डिस्कव्हर पास राज्याच्या जमिनीसाठी, तो इथे चालत नाही. ही केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसची जमीन, तिथे नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास किंवा अमेरिका द ब्यूटिफुल पास. हिवाळ्यात गाडी लावता त्या जागेची पाटी वेगळं काही सांगत असेल तर पाटीचं ऐका.

राहिला पूर्ण गोठलेल्या धबधब्याचा प्रश्न. सहसा मिळत नाही. वर सांगितलेल्या कारणानेच: हवा शून्याच्या आसपास घुटमळते आणि पाणी वाहत राहतं. आठवडाभर पूर्वेचं कोरडं वारं वाहिलं, रात्री चांगल्याच थंड गेल्या, तर बराचसा गोठतो, पण तशी लाट एखाद्या हिवाळ्यात येते, एखाद्यात येत नाही. त्यासाठी शनिवार राखून ठेवता येत नाही. गोठलेला धबधबा खात्रीने बघायचा असेल तर कॅनडातल्या बॅन्फमधल्या जॉन्स्टन कॅनियनला जा. खालचा धबधबा सव्वा किलोमीटरवर, वरचा अडीचवर, घळीच्या भिंतीला लोखंडी पूल ठोकलेले आहेत, वरच्या धबधब्यावर लोक बर्फ चढत असतात, आणि थंडी कोरडी. साधे स्पाइक्स लावले तर आईबाबाही खालच्या धबधब्यापर्यंत येतील. सिएटलहून गाडीने दहा तासांच्या वर लागतात, मधे मुक्काम करा. आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा तिथे चालणार नाही, कॅनडाचा वेगळा काढावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच करा.